पहिला तास शनवार तेल्यांचा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलताना सारखं भरून येत होतं, म्हणून लिहितेय. नेमणुकीचा आदेश मिळाला. सहायक प्राध्यापक, पूर्णवेळ. सेट झाली, पीएच.डी. झाली, तरी सात वर्षं तासिका तत्त्वावर गेली. एका कॉलेजने तर सहा महिने मानधन थकवलं. बाबा, तेव्हा तुम्ही न विचारता पैसे पाठवलेत, ते मी विसरलेले नाही.

आई, "संस्कृती अभ्यास म्हणजे शिकवतेस तरी काय गं?" असं तू विचारतेस आणि मी दोन वाक्यांत उरकते. तर ऐक. पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं, ‘शनवार तेली’. कुणालाच ठाऊक नव्हतं. मग लहानपणी बाबांच्या एसटीत, तिकिटांच्या पेटीशेजारी बसून ऐकलेलंच सांगितलं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही बेने इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. त्यांनी तेलाचे घाणे धरले. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून हे नाव. आडनावं आपल्यासारखी गावावरून, रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण मराठी सोबत नेली. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग ते मराठी की ज्यू?" मी उत्तर दिलं नाही. सगळं सत्र त्याच प्रश्नावर घालवायचंय.

मग त्यांच्या मलिदा विधीचं ताट सांगितलं. भिजवलेले पोहे, गोडवा, ओलं खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताचं स्मरण. मागच्या बाकावरची रोह्याची पोर पटकन म्हणाली, "आमची आजी असेच पोहे कालवते!" मला तुझा हात दिसला आई, खोबऱ्याचा कीस बोटांनी हलकेच मोकळा करणारा. क्षणभर बोलायला सुचेना.

दिवाळीनंतर मुलांना घेऊन येतेय. आधी अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मग नवगावचं जुनं कबरस्तान. बाबा, गलबताची गोष्ट तुम्हीच सांगायची. मी सांगते तेव्हा तुमचे अर्धे थांबे गळतात. गुडघ्यांची काळजी नको, गाडी दारात आणते.

आई, पोहे मी इथूनच आणीन. तू नारळ तेवढे सोलून घेऊन ठेव.

तुमची,
ताई