स्कॅनमध्ये गाठ दिसते, आजाराचे नाव नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लसीका ग्रंथींच्या कर्करोगाविषयी, म्हणजेच लिम्फोमाविषयी, आरोग्याच्या पानांवर जे लिहून येते त्यात ‘स्कॅनमध्ये कर्करोग निघाला’ किंवा ‘स्कॅन स्वच्छ आला’ अशी वाक्ये सर्रास असतात. मी रेडिओलॉजिस्ट असून अशा गाठींच्या सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन पाहणे हे माझे रोजचे काम आहे. ही वाक्ये मनात धरून आलेले रुग्ण बायोप्सीला नकार देतात आणि त्यापायी निदान लांबते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या शरीरात सुमारे 600 लसीका ग्रंथी असतात आणि सुजणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे घरोघरी ठाऊक असते. सोनोग्राफीचा प्रोब मानेवर ठेवला की निरोगी ग्रंथी पडद्यावर घेवड्याच्या बीसारखी लांबट दिसते. तिच्या मधोमध चरबीची पांढरी रेघ असते आणि रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात. लिम्फोमात ती बहुधा फुगून गोल होते, काळपट दिसू लागते आणि ती पांढरी रेघ पुसली जाते. ही रेघ दिसेनाशी झाली की माझा हात तिथेच थांबतो, पण अहवालात मी ‘संशयास्पद’ एवढेच लिहिते, कारण क्षयाच्या गाठीतही ती पुसली जाऊ शकते.

सीटीत मुख्यतः आकार मोजला जातो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुगानो निकषांनुसार दीड सेंटिमीटरपेक्षा लांब ग्रंथी लिम्फोमाच्या रुग्णात असाधारण मानतात; परंतु नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीतही रोग असू शकतो आणि मोठी झालेली ग्रंथी साध्या संसर्गाचीही असू शकते. पेट-सीटी याच्या पुढे जाते. त्यात ग्लुकोजसारखा एक किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात आणि रुग्णाला साधारण तासभर शांत पडून राहायला सांगतात; भुकेल्या पेशी तो पदार्थ ओढून घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्यात अडकतो आणि ती जागा चित्रात उजळते. मात्र ग्लुकोजची भूक फक्त कर्करोगालाच असते असे नाही. क्षय, सार्कॉइडोसिस (ग्रंथी सुजवणारा, पण कर्करोग नसलेला आजार), एवढेच काय, नुकतीच दंडावर घेतलेली कोविडची लससुद्धा काखेतील ग्रंथी उजळवू शकते. याउलट, संथ वाढणारे काही लिम्फोमा इतके फिके दिसतात की नजरेतून निसटावेत.

म्हणून निदान करायचे ते ऊतींच्या तपासणीनेच, म्हणजे बायोप्सीनेच, आणि तिच्यासाठी काढलेला तुकडाही शक्यतो पुरेसा मोठा हवा. हॉजकिन लिम्फोमा या प्रकारात रीड-स्टर्नबर्ग नावाच्या कर्करोगाच्या पेशी बाकीच्या निरोगी पेशींच्या गर्दीत मोजक्याच विखुरलेल्या असतात; बारीक सुईने काढलेल्या चार थेंबांत त्या सापडतीलच याचा भरवसा नसतो, शिवाय ग्रंथीची रचना त्यात कळत नाही. शक्य असेल तेव्हा अख्खी ग्रंथी काढावी, आणि कोणती काढावी हे सांगण्यात स्कॅनचा मोठा उपयोग आहे. सर्वांत उजळ दिसणारी आणि हाताशी येणारी गाठ निवडली, तर एकाच बायोप्सीत उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. बायोप्सीआधी सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड दिले गेले, तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि नंतर घेतलेला तुकडा काहीच सांगत नाही. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे, आणि दर वेळी रुग्णाचे काही आठवडे त्यात वाया गेले आहेत.

निदान पक्के झाल्यावर मात्र पेट-सीटीला तोड नाही. रोग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, यावर टप्पा ठरतो. उपचारांनंतर छातीत उरलेला गोळा जिवंत रोगाचा आहे की नुसता व्रण, हे सीटीला सांगता येत नाही. पेटमध्ये त्याची चमक यकृताच्या चमकेशी ताडून 1 ते 5 असा डोव्हिल गुण देतात. प्रगत हॉजकिन लिम्फोमात केमोथेरपीच्या दोन आवर्तनांनंतरचा पेट स्वच्छ आला, तर फुप्फुसांना अपाय करू शकणारे ब्लिओमायसिन हे औषध पुढे वगळता येते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले. ‘स्कॅन स्वच्छ’ या शब्दांना खरे वजन येते ते इथे.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना विनंती की, स्कॅनविषयी लिहिताना बायोप्सीचा उल्लेख वगळू नये. आणि रुग्णांना एवढेच सांगते, की दुसऱ्या तपासणीला येताना आधीच्या स्कॅनचा नुसता कागदी अहवाल आणू नका, सीडीही आणा. चमक कमी झाली की वाढली, हे आम्हाला दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच नीट पाहता येते.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट