जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या नौपाडा, राम मारुती रोड, घंटाळी, पाचपाखाडी इथल्या जुन्या इमारतींमधले फ्लॅट विकायला निघाले की जाहिरात ठरलेली असते: मोठ्या खोल्या, हवेशीर, स्टेशन चालत, रीडेव्हलपमेंट लवकरच. या घरांची ओढ खोटी नाही. दोन्ही बाजूंनी वारा, उंच छत, जिना उतरलं की भाजीपासून बँकेपर्यंत सगळं हाताशी; घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये हे पैसे मोजूनही मिळत नाही. पण भाव ज्या तीन गोष्टींवर ठरायला हवा, त्या जाहिरातीत कधीच नसतात: इमारत कोणत्या वर्षाची, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) कोणत्या वर्गात बसली आणि जमिनीचं कन्व्हेयन्स झालं का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली का. आपल्या जाहिरात विभागाने या तीन ओळी मागून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

वापर सुरू होऊन 30 वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार बंधनकारक आहे. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या प्रत्येक इमारतीचा अहवाल असायलाच हवा. नसेल तर टोकन (बयाणा) देऊ नका. अहवालात वर्ग असतो. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे लोक राहत असतानाच स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ कामं. सी-2बी असेल तर दुरुस्तीची वर्गणी विकणारा भरणार की घेणारा, हे करारातच लिहून घ्यावं. नंतर त्यावरूनच भांडणं होतात.

नुसता वर्ग वाचून थांबू नये, आतले आकडे बघावेत. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली असेल तर तिथलं काँक्रीट शंकास्पद. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत आकडा उणे 350 मिलिव्होल्टच्याही पलीकडे गेला असेल तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता दाट. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा सळईला गंजापासून वाचवणारा अल्कली गुण जातो, ते कार्बोनेशन. त्याची चाचणी तर डोळ्यांनी दिसते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फथॅलीन हे रसायन फवारलं की निरोगी भाग गडद गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग रंग घेत नाही. हा बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण संपलं. मग ओल मिळाली की गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. म्हणून कॉलमवर सळईच्या रेषेत, उभी गेलेली भेग दिसली तर ती प्लास्टरची भेग समजू नये.

फ्लॅट शक्यतो पावसाळ्यात बघावा आणि दिवाणखान्याच्या आधी पार्किंगमधले कॉलम, जिन्याखालची जागा, गच्चीवरच्या टाकीचे आधार, बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू तपासावी. नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे किंवा काँक्रीट फुगलं आहे. संडास-बाथरूमला नवंकोरं फॉल्स सीलिंग असेल तर एक चौकोन काढून वर टॉर्च मारायला सांगा. वरच्या मजल्याची गळती तिथेच लपवलेली असते.

आणखी एक माप घ्या. दाराच्या चौकटीपाशी आतल्या भिंतींची जाडी मोजा. आरसीसी इमारतीत (जिथे भार काँक्रीटचे कॉलम-बीम घेतात) आतल्या भिंती बहुधा साडेचार इंच विटेच्या असतात. सगळ्याच भिंती नऊ इंच किंवा त्याहून जाड निघाल्या तर इमारत लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार असलेली, असू शकते. तिथे किचन मोकळं करायला भिंत पाडणं म्हणजे वरच्या मजल्यांचा आधार काढणं. ऑगस्ट 2015 मध्ये बी केबिनजवळची कृष्णा निवास ही जुनी इमारत रात्रीतून कोसळली, हे नौपाड्याला नव्याने सांगायला नको.

‘रीडेव्हलपमेंट लवकरच’ या शब्दांना कागदाशिवाय किंमत नाही. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे सर्वसाधारण सभेत एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. त्या सभेचं इतिवृत्त मागा. त्याआधी जमिनीचं मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) ऑनलाइन काढून मालकाचं नाव वाचा. तिथे सोसायटीऐवजी मूळ जमीनमालक असेल, तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडून मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या कलम 11 खाली मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून घ्यावं लागेल. नवीन घराचं क्षेत्रफळही बहुधा मंजूर नकाशातल्या कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) ठरतं, ग्रिल लावून आत घेतलेल्या जागेवर नाही.

जुन्या घरांत वारसांचा प्रश्न हमखास असतो. शेअर सर्टिफिकेटवरचे गृहस्थ वारले आणि विकणारा नॉमिनी आहे, एवढ्याने तो मालक ठरत नाही. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर त्यांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात. इंडेक्स टू चा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या नोंदींचा, 30 वर्षांचा शोध घ्यावा. विकणारा परदेशी स्थायिक असेल तर टीडीएसचे (घेणाऱ्याने किमतीतून कापून भरायच्या कराचे) नियम वेगळे, 1 टक्का कापून भागत नाही. चरईसारख्या भागात काही जागा पागडीच्या असतात. तिथे मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो. दादर-गिरगावच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा आधार आहे, ठाण्यात तो नाही. मुंबईहून इथे घर घेणाऱ्यांचा इथेच गैरसमज होतो.

खर्च धरताना ठाण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, महिलेच्या नावावर 1 टक्का कमी, नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000 रुपये. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. ‘देणगी’ म्हणून लाखभर मागितले तर लेखी मागणीपत्र द्या म्हणावं.

सोसायट्यांच्या सचिवांनाही सांगणं आहे की ऑडिट अहवालाची प्रत कपाटात ठेवू नका. घर बघायला येणाऱ्याला ती कार्यालयात बसून वाचू द्या.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, नौपाडा, ठाणे (प.)