केअरटेकरशी जवळीक टाळा? आधी आमच्या घरी येऊन बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत पहिल्याच पानावर घरी केअरटेकर ठेवण्याबद्दलचा जो लेख आलाय तो वाचल्यापासून डोकं फिरलंय, रात्री नीट झोप लागली नाही म्हणून सकाळी बाबांचं आवरून झाल्या झाल्या हे टाइप करायला बसले. आधार कार्ड बघा, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, कपाटाला कुलूप लावा इथपर्यंत सगळं मान्य. चोऱ्या होतात, माझ्या ओळखीत झालीये, अनोळखी माणूस घरात घेताना एवढं सगळ्यांनी करावंच. पण पुढे लेखिकाबाई म्हणतात की केअरटेकरशी भावनिक जवळीक टाळा, तिच्या घरच्या अडचणी ऐकत बसू नका आणि पेशंटला तिची सवय लागू देऊ नका. हे वाचून मी पेपर बाजूला ठेवला. ज्या घरात वर्षानुवर्षं कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्या घरात हा सल्ला किती क्रूर आहे हे या बाईंना माहीतच नसावं.

आमच्या बाबांना स्ट्रोक झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. त्यामुळे उजवा हात पाय गेला आणि बोलणंही गेलं. त्यांना सगळं कळतं पण शब्द येत नाहीत, पाणी हवं असेल तरी दुसरंच काहीतरी तोंडातून निघतं आणि मग चिडून मान फिरवतात. डॉक्टरांनी अफेझिया सांगितला. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा ब्युरोतून (म्हणजे केअरटेकर पुरवणाऱ्या एजन्सीतून) ताई आल्या, बारा तासांची नाईट, रात्री आठ ते सकाळी आठ. आंबेगावला राहायच्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, मुलगा तिसरीत, गावी आजीकडे. (त्यांचं नाव लिहीत नाही, ब्युरोवाले वाचतील आणि त्यांचं काम बंद करतील.)

पहिले काही दिवस मी रात्री जागून बघायचे की या काय करतात. बाबांना घास भरवताना त्या चमचा डाव्या बाजूनं द्यायच्या, कारण उजव्या गालात अन्न साचून राहतं. एक घास दिला की चमचा हातात तसाच धरून गळ्याकडे बघत बसायच्या, कंठ वर जाऊन खाली आला की मगच दुसरा घास. पाणी कधी नुसतं द्यायच्या नाहीत, पावडर घालून घट्ट करून द्यायच्या, कारण पातळ पाणीच श्वासनलिकेत जास्त पटकन जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. घरातल्या आम्हाला वाटत होतं की पाण्यानं काय होणार, पाणी तर सगळ्यात हलकं. जेवण झाल्यावर अर्धा तास बेड आडवा करू द्यायच्या नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचांखाली उशी, माकडहाडापाशी बोट फिरवून लाल झालंय का ते बघणं, ते सुद्धा मोबाईलच्या उजेडात, मोठा लाईट न लावता, बाबांची झोपमोड नको म्हणून. बाबांना आजपर्यंत एकही बेडसोर झालेला नाही.

आता सवय लागू देऊ नका याबद्दल. ताईंचा मुलगा रोज रात्री साडेआठला फोन करून पाढे म्हणून दाखवायचा, आजी शाळा शिकलेली नाही म्हणून पाढे घेणं ताईंकडे होतं. फोन स्पीकरवर टाकून त्या एकीकडे औषधं काढायच्या. एकदा पोरगा साताच्या पाढ्यात अडकला, सात सक, सात सक, पुढे येईना, ताईपण गोळ्या मोजण्यात गुंतलेल्या. आणि बेडवरून आवाज आला, बेचाळीस! मी किचनमध्ये होते, हातातलं टाकून धावत आले. बाबा दवाखान्यातून आल्यापासून मला एक शब्द धड ऐकू आला नव्हता आणि हा स्वच्छ, खणखणीत बेचाळीस. ताईंनी काही गडबड केली नाही, शांतपणे विचारलं, आजोबा, सात सत्ते? तर एकोणपन्नास. तसं करत करत सत्तरपर्यंत गेले.

नंतर स्पीच थेरपिस्ट मॅडमनी समजावून सांगितलं की असं होतं, आपण होऊन बोलायचे शब्द जातात पण पाठ केलेल्या गोष्टी, पाढे, स्तोत्रं, वारांची नावं, गाणी ही साखळीसारखी शाबूत राहू शकतात आणि तिथून हळूहळू बोलण्याकडे वळवता येतं. पण ती साखळी सापडली कुणाला? ज्या बाईच्या घरच्या अडचणी आम्ही ऐकत बसलो होतो तिला. तिचा मुलगा गावाला आहे, तो आईशिवाय अभ्यास करत नाही ही तिची अडचणच होती ना? लेखातल्या सल्ल्याप्रमाणे ड्युटीवर फोन बंद ठेवायला लावला असता तर बाबांचा आवाज परत ऐकायला मिळालाच नसता.

त्यानंतर रोज रात्री पाढे. ताई मुद्दाम चुकीचं म्हणायच्या, आठ साते चोपन्न, आणि बाबा डाव्या हाताची मूठ बेडच्या दांडीवर आपटून ओरडायचे, छप्पन्न! त्यांना इतकं चिडलेलं बघून मला काय आनंद झाला ते सांगता येणार नाही, कारण ते चिडणं माझ्या ओळखीचं होतं, लहानपणी आमचा पाढा चुकला की असेच ओरडायचे. मग बाबांनी पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीड यांचे जुने पाढे, सुरू केले. ते ना ताईंना येत होते ना मला, आमच्या शाळेपर्यंत ते सगळं बंद झालं होतं. दीड, तीन, साडेचार, सहा असं बाबा म्हणायचे आणि ताई फोनवर पोराला म्हणायच्या, ऐक, आजोबा काय शिकवतात. ते पोरगं दिडकी शिकलं. महिन्याभरात बाबा पाढ्याच्या मध्येच 'पाणी' म्हणाले, आणि खरंच त्यांना पाणीच हवं होतं.

आणि मग ब्युरोनं ताईंना बदललं. कारण काय, तर त्यांचा नियम आहे की काही महिन्यांनी बाई बदलायची, नाहीतर पेशंटला सवय लागते आणि घरचे लोक परस्पर बाईशी व्यवहार करतात. मी ऑफिसात जाऊन भांडले, म्हटलं परस्पर व्यवहार करणार नाही, लिहून देते, तुमचं कमिशन वाढवा हवं तर, पण हीच बाई राहू द्या. तिथल्या माणसानं ॲग्रीमेंट पुढे सरकवलं, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की बाईला थेट कामावर ठेवलं तर आम्ही एवढा दंड भरायचा आणि तिला पुन्हा काम मिळणार नाही. आम्ही दिवसाचे आठशे देत होतो, ताईंच्या हातात पाचशे पडत होते, महिन्याला एकही भरपगारी सुट्टी नाही. दंड मी भरला असता. तिचं काम बंद झालं असतं त्याचं काय करणार होते?

ताई गेल्यावर बाबांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. नवीन आलेल्या बाई वाईट नव्हत्या, कामाला चोख होत्या, पण त्यांना कोण सांगणार की चमचा धरून गळ्याकडे बघत बसा आणि मुद्दाम पाढा चुकवा? मी सांगून बघितलं, त्यांनी प्रयत्नही केला, बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता मी म्हणते पाढे त्यांच्याबरोबर, कधी उत्तर देतात, कधी नाही. 'पाणी' हा शब्द परत गेलाय.

तर तुमच्या लेखिकाबाई जो सल्ला देतायत तो ब्युरोवाले आधीपासूनच पाळतायत, आणि त्यात नुकसान पेशंटचं होतं. त्यांना अंतर ठेवणंच शहाणपणाचं वाटतं तर मला एकच विचारायचंय, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्याबद्दल त्या काय म्हणतील? 1973 साली नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलमध्येच हल्ला होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून 18 मे 2015 ला त्या गेल्या तोपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं तिथल्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. सिस्टर्स रिटायर होत गेल्या, नवीन आल्या, ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलंच नव्हतं त्यांनीही भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली. 2011 साली दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की अरुणाची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफ, तिच्या वतीनं बोलायचा हक्क त्यांचा. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं ज्या जवळिकीला मान दिला ती आपण घरात टाळायची का? त्या सिस्टर्सना कुणी सवय लागू देऊ नका म्हणून वॉर्ड बदलायला लावले असते तर काय झालं असतं याचा विचार करून बघा.

लेखासोबतचा फोटोही खटकला. गोरी परदेशी नर्स, पांढराशुभ्र युनिफॉर्म, हसणारे आजोबा, मागे बाग. पुण्यात सकाळी आठला कुठल्याही बसस्टॉपवर उभे राहा, नाईट संपवून निघालेल्या आमच्या खऱ्या बायका दिसतील, पिशवीत रात्रीचा रिकामा डबा आणि डोळे तारवटलेले. त्यांच्यातल्या एकीचा फोटो, तिला विचारून, छापता आला असता. तिच्याशी दोन वाक्यं बोलता आली असती. अख्ख्या पानभर लेखात एकाही केअरटेकरचं म्हणणं नाही, डॉक्टर आहेत, वकील आहेत, ब्युरोचे मालक आहेत.

दुसरं, हे लेखात नाही पण लिहितेच. आमच्या सोसायटीत (सहकारनगर भागात) लिफ्टपाशी पाटी आहे की कामवाल्या बायका आणि केअरटेकर यांनी जिना वापरावा. बाबा चौथ्या मजल्यावर. ताई सगळी रात्र उभ्याने काढून सकाळी चार जिने उतरायच्या आणि रात्री चढायच्या. जी बाई माझ्या वडिलांना स्वतःच्या हातानं भरवते, त्यांची घाण काढते, तिनं लिफ्टच्या बटणाला हात लावायचा नाही? मीटिंगमध्ये मी विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, जनरल बॉडीचा ठराव आहे. 1980 साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, आणि आम्ही सुशिक्षित लोक अजून लिफ्टवरून ठराव करतोय. मी ताईंना बरोबर घेऊन लिफ्टनं जायचे, तेव्हा लोक आत शिरायचे नाहीत, पुढची लिफ्ट येईपर्यंत थांबायचे. ताई खाली मान घालून उभ्या राहायच्या. हे मी विसरणार नाही.

माझी विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख लिहिण्याआधी लेखिकाबाईंनी एखाद्या घरी एका ताईंबरोबर रात्री आठ ते सकाळी आठ बसून बघावं. आमच्याकडे आल्या तरी चालेल, चहा मी करीन. आणि ब्युरोचे जे मालक लेखात बोललेत त्यांना तुमच्या प्रतिनिधीनं दोन प्रश्न विचारावेत: पेशंटकडून घेतलेल्या पैशांतले किती बाईच्या हातात जातात, आणि पेशंट आणि बाई दोघांचीही इच्छा असताना बाई बदलायचा नियम कुणाच्या फायद्याचा आहे. उत्तरं छापा, मी वाट बघतेय.

मागच्या वेळी फुटपाथ आणि व्हीलचेअरबद्दल पाठवलेलं माझं पत्र तुम्ही कापून तीन ओळींचं केलं होतं. या वेळी जागा नसेल तर बाकीचं कापा, ताईंचं कापू नका.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे