दाढ शाळेतच भरा : आरोग्यमंत्र्यांना नागपुरातून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, मुलांची तोंडे तपासते, कीड दिसली की चिठ्ठी देते. पथकात आयुष डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता असतात, दंतशल्यचिकित्सक नसतो. चिठ्ठीने दाढ भरत नाही. नरखेड-भिवापूरकडचे आईबाप मजुरी बुडवून न दुखणाऱ्या दाढेसाठी नागपूरला येत नाहीत. ठणका लागला की येतात, आणि तोवर कीड नसेला भिडलेली असते.

मागणी एकच आहे. चिठ्ठीमागोमाग दाढ भरायचे सिमेंटही शाळेत पोचवा, आणि सुरुवात पहिली-दुसरीच्या वर्गापासून करा. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ एकही दात न पडता दुधाच्या दाढांमागून उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे ना’ म्हणून सोडून देतात. ती मात्र जन्मभराची असते.

यासाठी खुर्ची, वीज, कॉम्प्रेसर काही लागत नाही. मूल बाकावर आडवे, डॉक्टरच्या कपाळावर दिवा. दाढेच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या लावून जागा कोरडी करायची, हाताच्या हत्याराने मऊ कीड खरवडायची. खड्ड्याच्या कडा टणक लागेपर्यंत साफ हव्यात. तळाशी नसेजवळ मात्र खोल खरवडायचे नाही, नाहीतर नस उघडी पडते. मग १०-१५ सेकंद कंडिशनर (सिमेंट नीट चिकटावे म्हणून लावायचे सौम्य आम्ल), ओल्या कापसाने पुसणे, कोरड्या कापसाने टिपणे. ग्लास आयोनोमर, म्हणजे पावडर आणि द्राव कालवून होणारे हे सिमेंट, सुमारे अर्ध्या मिनिटात कालवून, त्याची चमक असतानाच भरायचे आणि व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबायचे. चावा उंच लागत असेल तर जास्तीचे सिमेंट लगेच खरवडायचे. तासभर काही चावायचे नाही, म्हणून खिचडीच्या सुट्टीच्या तोंडावर हे काम नको.

सिमेंट निघून येते ते बहुधा तीन कारणांनी: लाळ शिरली, पावडर वाचवायला मिश्रण पातळ केले, किंवा चमक गेल्यावर भरले. तिसरे कारण आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास. नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा सिमेंट कालवता कालवताच आळते. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात; जुलै ते फेब्रुवारी हे काम करावे. पावसाळ्यात पावडरची डबी उघडी राहिली की दमट होते, एवढे सांभाळावे.

खरेदीत ‘ग्लास आयोनोमर’ एवढेच लिहू नये. कॅप बसवण्याचे पातळ सिमेंट त्याच नावाने मिळते आणि दाढेत भरले तर झिजून जाते. निविदेत ‘टाइप नऊ, दाट’ असे स्पष्ट हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे, त्यामुळे फायलीवर अडायचे कारण नाही. पाऱ्याची चांदी (दात भरायचे पारामिश्रित अमाल्गम) मुलांसाठी मागवू नये. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार १५ वर्षांखालच्या मुलांना ती डॉक्टरला आवश्यक वाटल्याखेरीज भरायची नाही.

सगळ्याच दाढा शाळेत भरता येत नाहीत. रात्री ठणकते, हिरडीवर फोड आहे, गाल सुजला आहे, तिथे वर सिमेंट चोपडणे म्हणजे आत पू कोंडणे. ते मूल रुग्णालयातच जावे. दोन दाढांच्या मधली कीडही या सिमेंटने कमी टिकते. दुधाच्या दाढेला तिथे स्टीलची टोपी बरी, आणि तीही सुईशिवाय, न कोरता बसवता येते.

माणसे कुठून आणायची? ग्रामीण रुग्णालयात जिथे दंतशल्यचिकित्सक आहे, तिथून त्याला आठवड्यातला एक दिवस शाळांसाठी द्यावा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या आंतरवासितांची फेरी सोबत जोडावी. सहा महिन्यांनी त्याच शाळेत परत जाऊन किती सिमेंट टिकले ते नोंदवावे. निव्वळ ‘तपासलेली मुले’ हा रकाना भरून चालणार नाही. ‘भरलेल्या दाढा’ आणि ‘टिकलेल्या दाढा’ असे दोन रकाने अहवालात वाढवावेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा एखाद्या जिल्हा परिषद शाळेत हे काम प्रत्यक्ष दाखवायची आमची तयारी आहे. एका दाढेला साधारण वीस मिनिटे लागतात.

आपले,
लहान मुलांच्या दातांवर काम करणारे नागपूरचे काही दंतवैद्य