डोपामाइनवर लेझर टाकण्याआधी द्रावणाचा रंग पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डोपामाइनसारख्या मेंदूतील रसायनांचे प्रकाशीय गुणधर्म लेझरने मोजणे हा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चांगला विषय आहे. त्यासाठीच्या झेड-स्कॅन या पद्धतीची मांडणी एका टेबलावर मावते. लेन्सच्या नाभीच्या अलीकडून पलीकडे नमुना सरकवायचा आणि बारीक छिद्रातून फोटोडायोडवर येणारा प्रकाश मोजायचा. मात्र सतत चालणारा हिरवा लेझर वापरला, तर हाती येणारा आलेख मुख्यतः उष्णतेचा असतो. तो डोपामाइनच्या रेणूचा गुण म्हणून प्रबंधात लिहिणे चूक आहे.

ताजे द्रावण रंगहीन असते. ते २८० नॅनोमीटरजवळचा अतिनील प्रकाश शोषते, लेझरचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा जवळपास नाहीच. पण द्रावण अल्कधर्मी असले आणि त्याला हवा लागली की ऑक्सिडीकरण होऊन ४७५ नॅनोमीटरजवळ शोषणारे रंगीत द्रव्य बनते आणि पुढे द्रावण काळपट होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत हे फार लवकर घडते. रंग आला की हिरवा प्रकाश शोषला जातो, पाणी तापते, अपवर्तनांक बदलतो आणि द्रावणच भिंगासारखे वागू लागते. शिळ्या द्रावणाचे रीडिंग मोठे येते ते यामुळे.

बोअरचे किंवा जारचे पाणी मुळीच चालणार नाही. त्यातले बायकार्बोनेट सामू वाढवतात आणि लोह डोपामाइनशी रंगीत संयुग बनवते. मेडिकलमधले इंजेक्शनही नको, कारण त्यात ऑक्सिडीकरण रोखणारे सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळलेले असते. शुद्ध डोपामाइन हायड्रोक्लोराइड १९ मिलिग्रॅम घेऊन ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १०० मिली करावे, म्हणजे १ मिलिमोलर द्रावण होते. वर्णपटासाठी ते दहापट पातळ करावे. १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीत) २८० नॅनोमीटरला शोषण ०.२७ च्या आसपास आले पाहिजे. क्युवेट क्वार्ट्झचीच हवी, साधी काच हा प्रकाश अडवते. बाटलीला फॉइल गुंडाळून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच दिवशी वापरावी.

झेड-स्कॅनसाठीच्या क्युवेटच्या जाडीकडे सहसा लक्ष जात नाही. बीमची त्रिज्या अर्धा मिलिमीटर आणि लेन्स १० सेंटिमीटरची असेल, तर हिरव्या प्रकाशाची रेले लांबी, म्हणजे नाभीपासून बीम जवळपास बारीकच राहतो ते अंतर, सुमारे ७ मिलिमीटर येते. नमुना तिच्यापेक्षा बराच पातळ हवा, म्हणून १ मिलिमीटरची क्युवेट घ्यावी. नेहमीची १० मिलिमीटरची घेतली तर पातळ नमुन्याची सूत्रे लागूच होत नाहीत.

स्वस्त हिरव्या लेझरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशही गळतो. तो दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो आणि १०६४ चा पाण्यालाही तापवतो. समोर अवरक्त रोखणारा फिल्टर लावावा. लेझरपासून डोळे वाचवणारा चष्मा हिरव्यासोबत या दोन्ही तरंगलांबींसाठी प्रमाणित असावा. लेझरच्या आधी चष्म्याची खरेदी व्हावी, हे विभागप्रमुखांनी पाहावे.

प्रत्येक मापनासोबत नुसत्या आम्लद्रावणाचा ब्लँक आलेख काढावा आणि आधी-नंतरचा वर्णपट जोडावा. लेझर उघडल्यावर सिग्नल काही मिलिसेकंदांत हळूहळू चढत असेल, तर ती उष्णता समजावी. रेणूचा इलेक्ट्रॉनिक प्रतिसाद मोजायला अतिशय अल्पकाळाचे स्पंद देणारा फेमटोसेकंद लेझर लागतो. तो नसेल तर प्रबंधाच्या शीर्षकातच 'उष्णताजन्य' असे लिहावे, त्यात कमीपणा नाही. या आलेखावरून नैराश्याचे निदान होईल असे मात्र लिहू नये. मेंदूत पेशींबाहेरचे डोपामाइन नॅनोमोलर पातळीवर असते, आपले द्रावण त्याच्या हजारो पट तीव्र आहे.

प्रकाशभौतिकी शिकवणारा एक वाचक,
नांदेड