जबडा नसलेले मासे आणि आईचा डोळा

ती. आई-बाबांस,
सा. न.

इथल्या कामाला होकार कळवून टाकला. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही लगेच "जा" म्हणाला असता आणि मागून आईचा गप्पपणा ऐकू आला असता. स्टॉकहोममध्ये अजून तीन वर्षं. आणि या उन्हाळ्यात घरी नाही, स्पिट्सबर्गेनला, नॉर्वेच्याही उत्तरेला उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर. म्हणजे आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी नसेन. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

तिथल्या खडकांत ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे, दगड झालेले मासे आहेत. सेफालास्पिस आणि त्याचे भाऊबंद. डोक्यावर घोड्याच्या नालासारखी अख्खी हाडाची ढाल, वर चिकटून बसल्यासारखे दोन डोळे, तोंड खालच्या अंगाला आणि जबडाच नाही. ढालीच्या आत नसांच्या, रक्तवाहिन्यांच्या वाटा हाडात तशाच राहिल्यात. एरिक स्टेन्शिओ या स्वीडिश जीवाश्मतज्ज्ञांनी थर थर घासत त्या शोधल्या, मेंदूचा आकार उभा केला. १९२७ साली ते छापलं. पण घासता घासता मासा संपायचा. आता क्ष-किरणांनी न घासता आत बघता येतं. बाबा, तुमचा सीटी स्कॅन झाला तसंच. फक्त माझा पेशंट "अजून किती वेळ?" विचारत नाही.

पगार वेळेवर आहे, खोली उबदार आहे, गरम जेवते, मोजे दोन-दोन घालते. डिसेंबरात नक्की येते.

(बाबा, आईला वाचून दाखवताय ना? हा कंस मनात वाचा. स्पिट्सबर्गेनला पांढरी अस्वलं आहेत. पण कायम एक जण बंदूक घेऊन पहाऱ्यावर असतो, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे लांबूनही दिसतात.)

आई, परवा खिसाभर दगड घेऊन परतले, तर अस्तर फाटलं. स्वतःच शिवलं. टाके तुझ्यासारखे आले नाहीत.

आता ऐका. थेंबांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आईने वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, "एवढंसं काय होतंय" म्हणायचं नाही. मागच्या वेळी काय झालं ते तिघांनाही माहीत आहे. आणि बाबा, जबड्यावाचून ते मासे कोट्यवधी वर्षं जगले, हे कवळी डबीत ठेवण्याचं कारण होत नाही. रविवारी व्हिडिओवर कवळी लावूनच बसा. मी बघणार आहे.

तुमची,
ठमी