चि. सायलीस, मँचेस्टरविषयी

लालबाग, मुंबई

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. आईचे गुडघे इथल्या उन्हात पुन्हा हलते झाले, काळजी करू नकोस. तू फोनवर विचारतेस, "बाबा, एकटे कुठे कुठे फिरलात?" आणि मी दोन-चार नावं सांगून थांबतो. हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलो. तुझ्या रातपाळ्या मी पाहिल्या आहेत, सुट्टीच्या दिवशी झोपच हवीशी वाटते हेही कळतं. तरी सांगतो, त्या शहराच्या गिरण्या बघितल्याशिवाय ते शहर सोडू नकोस. तुझ्या आबांनी गिरणीच्या विव्हिंग म्हणजे विणकाम खात्यात उभा जन्म काढला. ते ज्या मागांवर उभे राहायचे ते जिथे घडले, ते ओल्डहॅम तुझ्या खोलीपासून ट्रामच्या अंतरावर आहे.

सुरुवात लिव्हरपूल रोडवरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमपासून कर. तिकीट नाही. ती जागा म्हणजे जुनं रेल्वे स्टेशनच आहे. १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, दोन मोठ्या शहरांमध्ये वाफेच्या इंजिनावर उतारू नेणारी जगातली पहिली. त्याच वर्षीचं मालाचं गोदामही तिथे अजून उभं आहे. लिव्हरपूलच्या बंदरात उतरलेल्या कापसाच्या गाठी ह्या रुळांवरून यायच्या. आपली बोरीबंदर–ठाणे गाडी सुटायला तेव्हा आणखी तेवीस वर्षं होती. पुढे हिंदुस्थानात रेल्वे व्हावी म्हणून लंडनमध्ये ज्यांनी जोर लावला त्यांत लँकेशायरचे गिरणीवाले होते, कारण त्यांना आपल्याकडचा कापूस बंदरापर्यंत लवकर यायला हवा होता. शाळेत मुलांना हा धडा मी इतकी वर्षं शिकवला, पण त्या फलाटाजवळ उभं राहिल्यावर तो अंगावर आला.

कापडाच्या दालनात एका यंत्राच्या बिडाच्या चौकटीवर उठावाची अक्षरं आहेत: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. मी तिथून बराच वेळ हललो नाही. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली, आणि त्या सुमारापासून ओल्डहॅमची यंत्रं बोटीने मुंबईला येत राहिली. मी लहानपणी आबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा खात्याच्या दारातून दिसणाऱ्या पहिल्याच मागावर हे नाव होतं. इंग्रजी अक्षरं नुकती लागत होती, म्हणून मी ते लावून लावून वाचायचो.

आता क्वारी बँकविषयी. ही गिरणी गावाबाहेर, विमानतळाच्या बाजूला स्टायलला आहे. सॅम्युअल ग्रेगने ती १७८४ मध्ये नदीकाठी बांधली, पाण्याच्या चाकावर चालणारी. चाक आजही फिरतं, माग आजही चालतात. माग चालवून दाखवणाऱ्या बाईंनी आधी स्वतःच्या कानांवर संरक्षक चढवले, मग पट्टा सरकवला. सायली, दोन-तीनच माग सुरू झाले असतील, पण पायाखालची फळी थरथरायला लागली. आडवं सूत घेऊन धावणारा धोटा ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जातो तो डोळ्यांना दिसत नाही, नुसता आपटल्याचा आवाज येतो. असे शेकडो माग एका छपराखाली चालायचे. लँकेशायरच्या बायका त्या गोंगाटात ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, पार पलीकडच्या मागावरच्या बाईशी सुद्धा. आबा तुझ्याशी बोलताना तुझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे, तुला आठवत असेल. तू लहान असताना त्याचा राग यायचा तुला. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बाईंनी जुना धोटा हातात घेऊन आणखी एक दाखवलं. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसभर, शेकडो वेळा. सुताबरोबर कापसाचा भुगा छातीत जायचा, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा. तू दवाखान्यात फुफ्फुसांचे रुग्ण बघतेस, तुला मी काय सांगू.

त्याच आवारात शिकाऊ मुलांचं घर आहे. अनाथ-गरीब मुलं, नऊ-दहा वर्षांची, तिथे राहायची आणि रोज बाराएक तास गिरणीत राबायची. चालू यंत्राखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करणं हे लहानग्यांचं काम. ग्रेग घराण्याचा वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळाही होता, ही गोष्टही तिथे लपवलेली नाही. मला ते बरं वाटलं. घर सुंदर आहे, बाग तर फारच सुंदर आहे, आणि दोन्ही कशाच्या पैशावर उभं राहिलं ते कळतं.

मग शहरात परत ये आणि लिंकन स्क्वेअरला जा. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा मँचेस्टरात कशाला, हा प्रश्न मला पडला होता, उत्तर चौथऱ्यावर कोरलेलं आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरला गुलामांनी वेचलेला कापूस यायचा बंद झाला. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं मदतीच्या अन्नावर आली. दक्षिणेची बाजू घेऊन नाकेबंदी मोडा, असं म्हणणारे पुष्कळ होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा ओढा उघड उघड तिकडे होता. तशात ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरचे कामगार फ्री ट्रेड हॉलमध्ये जमले आणि त्यांनी लिंकनला पत्र पाठवलं, की गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. चुली थंड असताना! लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर लिहून त्यांच्या सोसण्याला वीरता म्हटलं.

आणि त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं? कापसाला सोन्याचा भाव आला होता. गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस बोटी भरभरून लिव्हरपूलला जात होता. शेअरांचा आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचा सट्टा चढला, प्रेमचंद रायचंद त्यात शिखरावर होते. आपण राजाबाई टॉवर बघून मान वर करतो, तो त्यांच्याच देणगीतून झाला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, आणि मुंबईचं दिवाळं वाजलं. आपला आखूड धाग्याचा कापूस तिकडच्या मजुरांना नकोसा होता. सूत मागावर सारखं तुटायचं, आणि मजुरी कापडाच्या नगावर असल्याने तेवढे पैसे बुडायचे. त्यांची उपासमार आणि मुंबईची श्रीमंती एकाच कारणाने आली. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

मालकांचं मँचेस्टर बघायचं तर रॉयल एक्स्चेंजमध्ये जा. कापसाच्या सौद्यांचं ते अवाढव्य सभागृह. आता त्यात नाटकं होतात. मान वर करून बघ, उंचावर भावांचा फलक आहे आणि १९६८ मध्ये सौदे बंद झाले त्या शेवटच्या दिवसाचे आकडे अजून त्यावर तसेच आहेत. ह्या वर्गाने ब्रिटिश सरकारवर दडपण आणून १८८२ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या त्यांच्या कापडावरची आयात जकात काढायला लावली. पुढे जकात पुन्हा बसवावी लागली तेव्हा १८९६ मध्ये आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर लादला गेला, तो १९२५ च्या अखेरीपर्यंत चालला. हा अन्याय होता आणि त्याला दुसरं नाव नाही. मुंबईच्या गिरण्यांना कारखाना कायदा लावा, असाही त्यांचा आग्रह होता. त्यामागे दया कमी आणि स्पर्धेची धास्ती जास्त. १८८१ चा कायदा आला तोही मुख्यतः मुलांपुरता, आणि फार तोकडा. रविवारची सुट्टी मात्र कुणी मँचेस्टरहून पाठवली नाही. ती गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये भांडून मिळवली.

सेंट पीटर्स स्क्वेअरच्या जवळ पीटरलूचं स्मारक आहे, गोल पायऱ्यांचं. १६ ऑगस्ट १८१९ ला मताच्या हक्कासाठी जमलेल्या साठ हजारांच्या सभेवर घोडदळ घातलं, अठरा जण गेले. त्यांची नावं आणि गावं पायऱ्यांवर कोरली आहेत. एक एक वाच, घाई करू नकोस. चेटम्स लायब्ररीही जमलं तर बघ. १६५३ पासूनचं वाचनालय, आणि १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स-एंगेल्स ज्या खिडकीपाशी वाचत बसायचे ते टेबल आहे. गिरणगावात लाल बावट्याखाली जे काही घडलं त्याचं एक मूळ त्या टेबलापाशी आहे.

अँकोट्समध्ये कालव्याच्या कडेने मरेज मिलच्या विटांच्या भिंती आहेत, १७९८ पासूनच्या. आत आता फ्लॅट झाले आहेत, खाली खाण्याची दुकानं आहेत. ज्यांच्या पणज्यांनी तिथे सूत काढलं त्यांना ते फ्लॅट परवडत असतील असं वाटत नाही. पण भिंती राखल्या, पाटीवर गिरणीचं नाव राखलं. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी जमीनदोस्त होताना मी ह्याच गॅलरीतून पाहिली. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आबांचं नाव अजून लागलेलं नाही, मी अर्जाचे कागद जपून ठेवले आहेत.

माझं एक ठिकाण राहिलं, डार्वेन. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले होते. आपल्या बहिष्काराने तिथल्या गिरण्या थंडावल्या होत्या, माणसं बेकार झाली होती, आणि त्यांना तोंडावर जाऊन सांगायचं धैर्य गांधीजींनी दाखवलं, की तुमची गरिबी खरी आहे, पण आमच्या खेड्यांतली भूक ह्याहून मोठी आहे. गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती हात उंचावून जल्लोष केला, तो फोटो तू पाहिलेला असशील. व्हिक्टोरिया स्टेशनवरून बोल्टनमार्गे गाडी जाते. सुट्टी मिळाली तर तू जाऊन ये आणि तिथे काय उरलं आहे ते मला लिहून कळव. नाहीतर पुढच्या खेपेला आपण दोघं जाऊ, आईला तोवर गुडघ्यांचे व्यायाम चालू ठेवायला सांगतो.

भाजणी आणि मेतकूट वेगळ्या पाकिटांत पाठवतो आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

कळावे,
तुझे बाबा